बिनकाट्यांचं घड्याळ

बटाटे सोलत होते मी, मस्यू ग्रोजां, इस्पितळातून फोन आला तेव्हा — साधा बुधवार, सालं तशीच सिंकमध्ये — आणि माझा नवरा, ओरेल, गेला होता औषध आणायला, तेही सर्दीचं! — पेला तिकडे ठेवा हो, चित्राजवळ नको. पाण्यातले रंग आहेत, थेंब पडला की ओघळतील.

तर तुमच्या घड्याळ कंपनीचं हे वारशाचं पुस्तक. वाचलं मी. कागद काय गुळगुळीत! ‘आमच्या संस्थापकांनी तळ्याकाठी उभं राहून हा निळा रंग टिपला’ — कुठलं तळं? ला शो-द-फोंमध्ये? अहो, आमच्या गावाला धड नदी नाही! आणि तुमचे संस्थापक वारले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. तो निळा माझ्या कामाच्या कोटाचा — मी घड्याळाच्या तबकड्यांच्या कारखान्यात होते ना, धुऊन धुऊन विटलेला कोट — त्याची बाही याच टेबलावर ओढून शेजारी रंग कालवत बसायचा. ‘हात हलवू नकोस, ओदिल.’ इकडे सूप गार. आणि त्याचं नाव? शोधलं मी, चष्मा लावून शोधलं. ‘आमचा डिझाइन विभाग.’ विभागाला सर्दी होते का हो?

हे चित्र विभागाचं नाही. बायकी घड्याळ आहे, कंपनीनं मागितलंच नव्हतं. माझ्या मनगटाचं माप घेऊन — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी.

काय म्हणालात? तुमची माणसं काटे रंगवून देतील? दहा वाजून दहा मिनिटं? — माहितीये मला, घड्याळं रेखाटणाऱ्याशीच तर लग्न केलं होतं मी! सगळ्या चित्रांत दहा-दहाच, म्हणजे वरचं कंपनीचं नाव झाकलं जात नाही. जन्मभर त्यानं तुमचं नाव उघडं ठेवलं. या तबकडीवर आहे का कंपनीचं नाव? बघा ना नीट. नाही. म्हणून तर दारात टोपी चढवताना म्हणाला, ‘सांग, तुझ्या घड्याळात किती वाजवू?’ आणि मी — हात बटाट्यांत — म्हटलं, ‘आधी औषध घेऊन ये, मग बघू.’ तो परतलाच नाही.

पुस्तकात त्याचं नाव घालाल? वरच्यांना विचारावं लागेल? — विचारा, सावकाश विचारा. हा घ्या तुमचा कोट. चित्र इथेच राहील, आणि त्या तबकडीला कुणी कुंचला लावायचा नाही.

किती वाजवायचे, ते मी त्याला सांगितलं नाही.