चार पायऱ्यांचा अर्ज

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते, हळदीची पोती वाहायचे, त्यामुळे आमच्या घरात सदरे काय, अंथरुणं काय, सगळंच पिवळं. आई तिथंच हळद चाळायला बसायची. राहायला गोडाऊनमागची एक खोली. मी सातवीत असताना वडील गेले आणि आईच्या सरकारी कचेरीत फेऱ्या सुरू झाल्या, विधवांचं पेन्शन मिळावं म्हणून. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन एक अर्ज लिहिणारे बसायचे. आई म्हणायची, दादा, काय लिवलंसा ते वाचून तरी दावा. ते म्हणायचे, तुला काय कळणार बाई, अंगठा कर. तीन अर्ज झाले, काही आलं नाही. तिसऱ्या खेपेला परत येताना आई मला म्हणाली, सुमे, तू शिक. आपला अर्ज आपल्याला लिवता आला पायजे.

काय सांगू तुम्हाला, आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, मग कॉम्प्युटरचा कोर्स, पुण्यात नोकरी, लग्न, मग सिंगापूर. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, का वाटावा. मिस्टर जहाजावर इंजिनियर, वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर. आम्हाला पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना मिळाला, टॅम्पिनीसमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिकडे सांगलीत आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिला इकडेच आणलं. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. हळद चाळून चाळून तिचे दंड असे घट्ट, की खुर्चीची चाकं ती स्वतःच फिरवायची, मला हात लावू द्यायची नाही.

पण अडलं ते खाली. लिफ्ट वॉइड डेकला येते, म्हणजे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, आणि तिथून बाजाराच्या वाटेला उतरायला पायऱ्या. रॅम्प होता, नाही असं नाही, पण मागच्या अंगाला, कारपार्ककडे, गाड्यांमधून भला मोठा वळसा. म्हणून शेजारचे हमीदभाई, मलय माणूस, बस चालवतात, ते एका बाजूनं आणि मी एका बाजूनं, खुर्ची उचलून खाली ठेवायचो. हमीदभाई म्हणायचे, इथल्या सगळ्यांसारखं शेवटी ला लावून, आंटी सो लाइट ला, नो प्रॉब्लेम. आई हसायची नाही. पंधरा दिवसांनी मला म्हणाली, तुझ्या बानं जलमभर पोती उचलली. मला पोत्यागत उचलून घ्यायचं न्हाई. जावई आलं की माझं तिकीट काढा, माझी मी खोलीत बरी. मिस्टर यायला पाच महिने होते. आणि आई बोलली म्हणजे बोलली, तिकडे त्या खोलीत एकटी राहायला ती खरंच गेली असती.

इथं खासदार आठवड्यातून एकदा संध्याकाळी लोकांना भेटतात, एका ब्लॉकखालीच टेबलं मांडून. नंबर घ्यायचा, स्वयंसेवक तुमचं म्हणणं लिहून घेतात, मग आत पाठवतात. म्हटलं, माझं कुणी कशाला लिहायला पाहिजे, मी शिकलेली बाई. दोन पानी पत्र टाइप केलं, अगदी सविनय. वडिलांची हमाली, पिवळी खोली, आईचे कष्ट, माझं शिक्षण, या देशाचे उपकार, सगळं. टेबलावर लिम अंकल होते, शाळेतून रिटायर झालेले क्लार्क. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पानं वाचली. म्हणाले, युवर फादर, व्हेरी हार्ड लाइफ. यू, व्हेरी क्लेव्हर. बट स्टेप्स व्हेअर? हाऊ मेनी?

आता बघा, मी त्या पायऱ्या रोज उतरत होते आणि मला आकडा सांगता येईना. चार म्हटलं, मग पाच म्हटलं. आणखी कुणाला त्रास होतो, त्यांनी विचारलं, तेही माहीत नाही. कान गरम झाले माझे. जाता जाता म्हटलं, मी पीआर आहे, मला मत नाही, चालेल ना. पुढच्या वर्षी निवडणूक होती, म्हणून विचारलं. लिम अंकल म्हणाले, पायरी काय विचारते का ला, तुला मत आहे की नाही? नेक्स्ट वीक कम. वन पेज.

घरी आले तर आई मटकी निवडत होती. तणतणतच तिला सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, चार हायेत. वरची वीतभर उंच, खालच्या तिन्ही चार-चार बोटं कमी. उजव्या अंगाला गवत हाय, तितनं उतार निघंल, कडंचं झाड मारायला लागत न्हाई. म्हटलं, थांब, लिहून घेते. म्हणाली, लाल छत्रीवाली चिनी म्हातारी भाजीची गाडी एकेक पायरी आपटत चढवती, परवा अंडी फुटली तिची. हमीदची सून बाबागाडी घिऊन रोज मागारी फिरती, पार गाड्यांकडनं जाती. पंधरा दिवस मी तिला खाली सावलीत बसवून यायचे, मला वाटायचं बसलीये बिचारी. ती मोजत होती.

लिहून झाल्यावर म्हणाली, आता वाचून दाव. मी मराठीत वाचून दाखवलं. वडिलांबद्दलचं एक वाक्य मी ठेवलं होतं, राहवलं नाही. ती म्हणाली, ते काढ. त्येंचा पायऱ्यांशी काय संबंध. काढलं. अर्धं पान झालं.

पुढच्या आठवड्यात लिम अंकलनी ते पुन्हा न लिहिता तसंच आत नेलं. महिन्याभरात दोन माणसं मोजायची टेप घेऊन आली. मग बरेच दिवस काहीच नाही, आई तिकिटाची आठवण करायची, मी ऐकलं न ऐकलं करायची. चौथ्या महिन्यात गवताभोवती पट्ट्या बांधल्या, सिमेंट आलं. शेजारणी म्हणाल्या, इलेक्शन जवळ आलंय ना, म्हणून. असेल. सिमेंट तर पक्कं आहे.

मिस्टर आले तेव्हा आईनं तिकिटाचं नाव काढलं नाही, आम्हीही नाही.

रॅम्प उजव्या बाजूलाच आहे, झाडही आहे. आई रोज सकाळी एकटी खाली जाते, चाकं स्वतः फिरवत, आणि कोथिंबीर घेऊन येते. आमच्या घरात भाजी आणायचं काम आता तिचं आहे.