खिंडीत न दिलेली ओ

ऐका. मधेच कुणी उठायचं नाही. ज्याला पाणी प्यायचंय त्यानं आत्ताच पिऊन घ्या, आणि शेगडी जरा इकडं सरकवा.

गोष्ट सुरू होते ती नळावर. हेमांगी कापसे करंजघोळला राहायला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बादली घेऊन नळावर गेली. धुकं असं की आपलाच हात आपल्याला दिसेना. त्या धुक्यात दोघीजणी बोलत होत्या. एक म्हणत होती, "बदलीबिदली सगळं वरवरचं गं. आधीच्या डॉक्टरला खिंडीतल्या बाईनं हाक मारली. ती डॉक्टरांनाच हाक मारते. आणि मग त्यानं काय केलं ठाऊक आहे, त्यानं..."

तेवढ्यात हेमांगीची बादली दगडाला लागली. ठण्ण. दोघी गप्प. "नवीन डॉक्टर ना तुम्ही? या, भरा, भरा," असं म्हणून बाजूला झाल्या. त्यानं काय केलं, ते राहिलंच.

आता ही हेमांगी कोण, तर बार्शीची. तिकडं सपाट रान, उन्हाचा कडाका. डॉक्टरकीची मोठी परीक्षा पास झाली आणि पुढं तीन वर्षं एखाद्या दवाखान्यात राहून शिकायचं होतं. शहरात जागा होती. हिनं मात्र करंजघोळचं ग्रामीण रुग्णालय मागून घेतलं. विचारणाऱ्यांना सांगायची, खेड्यात काम करायचंय. खरं म्हणजे तिनं आपला हा धबधबा, ही भाताची खाचरं, हे सगळं फोटोत बघितलं होतं आणि फोटो बघूनच फॉर्म भरला होता. आम्हाला कसं कळलं ते विचारू नका. टेंपोतून सामान उतरलं तेव्हा गाद्या दोन आणि माणूस एक, यावरसुद्धा आपल्या गल्लीनं आठ दिवस विचार केला होता.

पण पोरगी गुणाची. रुग्णालयाचे मोठे डॉक्टर मोकाशी, त्यांनी पहिल्या दिवशी तिच्या हातावर गोळ्यांचं पाकीट ठेवलं. "ही विंचवाची गोळी. ॲप्रनच्या खिशात ठेवायची. झोपताना उशाशी. इथला लाल विंचू मोठ्या माणसाला सोडतो, लहान लेकराला सोडत नाही. गोळी वेळेवर गेली तर पोर हसत घरी जातं. बाकी सगळं मी तीन वर्षांत शिकवीन, हे आज शिका." तेव्हापासून तिच्या खिशात ते पाकीट. एक दिवस विसरली नाही. हे ध्यानात ठेवा.

आणि दुसरं शिक्षण दिलं शेजारच्या शालनकाकीनं. शालनकाकी म्हणजे जीव लावणारी बाई. हेमांगीला रोज आमटी द्यायची, आणि आमटीबरोबर गावाची माहिती.

"मंगळवारी तुला वरच्या वाडीला जावं लागणार ना, त्या उपकेंद्रावर? खिंडीतनं?"

"हो काकू. का?"

"दिवसाउजेडी परत ये. आणि उशीर झालाच, तर एक सांगून ठेवते. त्या खिंडीत फार मागं एक बाळंतीण गेली. अडली होती. डोलीत घालून खाली दवाखान्यात आणत होते. डोली धरणाऱ्यांना तिनं दोनदा हाक मारली, तिसऱ्या हाकेला श्वासच उरला नाही. अजून तिला दवाखान्यात पोचायचंय. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारते. पण दोनदाच. तिसरी तिला जमत नाही. म्हणून आपल्याकडं खिंडीत तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही. जिवंत माणूस असलं तर मारेल की तिसरी."

"आणि ओ दिली तर?"

"मग ती गाडीवर मागं बसते," शालनकाकी म्हणाली आणि आमटीचं भांडं तिच्या हातात दिलं. "ताजी आहे, लगेच खा."

हेमांगी हसली. हसली खरी. पण बाबांनो, ऐकलेलं कुठं जातं? ते आत बसून राहतं.

दिवाळी तोंडावर आलेली. भाताची कापणी चाललेली, अंगणाअंगणात पेंढ्याचे ढीग. तो मंगळवार. वरच्या वाडीला एका म्हाताऱ्याचा दम काही केल्या उतरेना, त्याच्यापाशी बसता बसता दिवस मावळला. वाडीवाले म्हणाले, राहा इथंच. ही म्हणाली, सकाळी वॉर्डात राउंड आहे. थंडी वाजत होती म्हणून स्वेटरवर तो पांढरा ॲप्रन चढवला, बटणं लावली, आणि स्कूटी काढली. एकटी. धुक्यात.

खिंडीच्या माथ्यावर आली. रस्ता दिसत नाही, नुसता उजेडाचा एक गोळा पुढं पळतोय. आणि ऐका, तिथं पहिली हाक आली.

"बाई..."

लांबून. वरून की खालून, काही कळेना. हेमांगीचा हात थांबला. ओठावर ओ आली होती. तिनं ती गिळली. एक झाली, म्हणाली मनात.

पुढं निघाली. रस्त्याकडेला मैलाचा दगड, करंजघोळ सात किलोमीटर. ठीक. एक वळण. दुसरं वळण. तिसरं. पुन्हा दगड. करंजघोळ सात किलोमीटर. आता तुम्ही म्हणाल, धुक्यात चुकली असेल. चुकेल कुठं? एकच रस्ता, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. तिच्या कानशिलातून घाम निघाला. त्या थंडीत.

मग खाली, ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडं, एक दिवा दिसला. पिवळा, मरतुकडा. डावीकडं गेला, उजवीकडं गेला, वर झाला, खाली झाला. जणू कुणी बोलावतंय. हेमांगीनं वेग कमी केला, तसा दिवा विझला. पुन्हा लागलाच नाही. आणि तेवढ्यात स्कूटी बंद. हेडलाईट बंद. का बंद पडली, ते पुढं गॅरेजवाल्यालाही सांगता आलं नाही. चावी फिरवते, किक मारते, काही नाही. नुसता अंधार आणि दरीतल्या पाण्याचा आवाज.

आणि तिथं दुसरी हाक आली. अगदी जवळून. चार हातांवरून.

"ओ बाई..."

डोळे अंधाराला सरावले, तसं मोरीच्या कठड्यापाशी काहीतरी उभं दिसलं. डोक्यावरून घोंगडी. केस मोकळे. घोंगडीच्या आतून बारीक कण्हणं येत होतं, तान्ह्या लेकरासारखं. बाळंतीणच. हेमांगीनं खाली बघितलं, पाय उलटे की सुलटे. धुकं गुडघ्याएवढं, पाय दिसेनात. तिनं श्वास धरला. दोन झाल्या, दोन झाल्या. तिसरी मार. माणूस असशील तर तिसरी मार.

तिसरी आली नाही.

तिनं ब्रेक सोडला. उतार होता. स्कूटी आवाज न करता, दिवा नसलेली, आपली आपण घसरायला लागली. ती आकृतीच्या इतक्या जवळून गेली की घोंगडीचा वास नाकात आला. मागं वळून बघितलं नाही. खालच्या सपाटीवर किक बसली आणि मग जी सुटली ती थेट गल्लीत.

शालनकाकीनं तिला धरून घरात घेतलं. मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. गल्ली गोळा झाली. "दोनच मारल्या ना? बघा, सांगत नव्हते?" शालनकाकी ज्याला त्याला सांगत होती, आणि आम्ही सगळे हेमांगीकडं असं बघत होतो जणू तिनं गड सर केला. हेमांगीलाही बरं वाटलं. चहा प्यायली. दुसरा कप मागितला. आता ती आपल्यातली झाली, असंही कुणी म्हणालं.

आणि मग रुग्णालयातून फोन आला. पोर आणलंय, विंचू, लगेच या.

ॲप्रन अंगावरच होता. ती तशीच पळाली.

टेबलावर सहा वर्षांची मुलगी. मनाली ढेबे, खिंडीच्या वरच्या धनगरवाड्यातली. अंग बर्फासारखं गार, कपडे घामानं चिंब, छाती भात्यासारखी उडतेय, ओठांशी फेस. मोकाशी सरांनी तिच्याकडं न बघताच हात पुढं केला, "गोळी." हेमांगीनं खिशातून पाकीट काढून दिलं. मग सुई, नळी, ऑक्सिजन. रात्रभर दोघं त्या खाटेपाशी. मोकाशी सर दर दहा मिनिटांनी मनगट धरायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते बोलत नाहीत म्हणजे वाईट, एवढं हेमांगी शिकली होती. पहाटे कधीतरी पोरीचे पाय कोमट झाले. हाताची बोटं कोमट झाली. तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, आणि मोकाशी सर स्टुलावर बसले.

"विंचू कधी चावला?" त्यांनी आईला विचारलं.

आई दाराशी भिंतीला टेकून उभी होती. सावित्रा ढेबे. डोक्यावरून घोंगडी. केस मोकळे.

"दिवा लागायच्या वक्ताला. पेंढ्यात ख्येळत हुती."

"मग इतका उशीर का केलास गं? तासाभरात आली असतीस तर पोर एवढं खाली गेलं नसतं. बापानं तरी आणायचं."

"बाप खाली कापणीला गेलाय जी. म्या लगीच निघाले हुते. पोरीला पोटाशी बांधून आडवाटनं मोरीपशी आले. कुनाची तरी गाडी घावंल म्हनून बॅटरी हलवली, तर बॅटरी मेली. गाडीचा उजेड येत हुता त्योबी गेला. आन मग..." ती थांबली. खालच्या आवाजात म्हणाली, "हडळ आली. पांढरी. आवाज न्हाय, उजीड न्हाय, पाय हालत न्हाईत, निस्ती घसरत आली. म्या हाक मारली, ओ दिली न्हाय. ओ न देनारं मानूस नसतंय. म्या पोरीच्या तोंडावर हात धरला आन मोरीखाली लपून ऱ्हायले. लई येळ. मग भाताचा टेंपो आला, त्यातनं आले."

ऐकताय ना? हेमांगी उभी होती, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या ॲप्रनमध्ये. खिशात हात. हातात उरलेलं पाकीट. चार हातांवरून गेली होती ती. पाकीट घेऊन गेली होती. आणि घरी येऊन दोन कप चहा प्यायली होती.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. सावित्रानं तोंड ओळखलं नव्हतं. हेमांगी तिच्याकडं वळली.

"ती मी होते."

सावित्राला कळेना. "कोन?"

"खिंडीत. ती पांढरी. मी होते. तुमची हाक ऐकली मी."

"मग ओ का न्हाय दिली?"

साधा प्रश्न. रागानं नाही विचारला, खरोखर विचारला.

"मला वाटलं, तुम्ही..." पुढचं तिला म्हणवेना.

सावित्रानं खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं. अनवाणी, चिखलानं माखलेले, एका अंगठ्याचं नख उखडलेलं. सरळ पाय. मग म्हणाली, "म्याबी तर तुमाला तेच समजले," आणि पोरीच्या उशाशी जाऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

हेमांगीला अजून एक विचारायचं होतं. "माथ्यावर पहिली हाक मारलीत, तेव्हा बॅटरी चालू होती का?"

"माथ्यावर? म्या माथ्यावर कवा गेले? आमची वाट मोरीपशी उतरती. एकच हाक मारली म्या, मोरीपशी. दुसरी मारायला भ्याले."

दुपारी हेमांगीनं खोलीवर येऊन बॅग भरली. शालनकाकीचं दार बंद होतं. बातमी गल्लीत पोचली होती, आणि काल ज्यांनी ज्यांनी तिचं कौतुक केलं ते सगळे आपापल्या घरात भांडी घासत बसले होते. खोटं कशाला सांगा, आम्ही पण. मीठमोहऱ्या उतरवणारी आपणच. तिसऱ्या हाकेचं शिकवणारी आपणच.

मोकाशी सर आले, तेव्हा ती भरलेल्या बॅगेवर बसली होती.

"तोही अस्साच बॅगेवर बसला होता," ते म्हणाले. "तुमच्या आधीचा."

"त्याला खिंडीतल्या बाईनं..."

"त्याला हाक आली होती, हे खरं. त्यानंही ओ दिली नाही. सकाळी एक म्हातारा त्या वळणावर पाय मोडून पडलेला सापडला, रात्रभर तिथंच होता. वाचला. पण ह्याला त्याच्यासमोर उभं राहता येईना. गेला निघून. गाव म्हणतं, बाईनं घालवला. बाईबिई कुणी नाही. लाजेनं गेला." दारापाशी जाऊन ते परत फिरले. "मनालीचा रक्तदाब चार वाजता बघायचाय. तुम्ही आहात की मी बघू?"

हेमांगी चार वाजता वॉर्डात होती. खाटेपाशी जायला तिला किती जड गेलं ते तिचं तिला ठाऊक. सावित्रा सरकली आणि तिला बसायला जागा करून दिली.

तर नळावरची ती बातमी अशी निम्मीच खरी निघाली. डॉक्टरला हाक येते, हे खरं. बाई त्याला घेऊन जाते, हे काही खरं नाही. माथ्यावर हाक कुणी मारली, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मोकाशी सरांनाही नाही. हेमांगी तीन वर्षं राहिली, आणि रात्री त्या खिंडीतून जाताना पहिल्याच हाकेला ओ द्यायची. स्कूटी थांबवून, मोठ्यानं. "ओ, आले, कोण आहे?" कधी मोरीपाशी माणूस असायचं. कधी कुणीच नसायचं, आणि मग ती म्हणायची की उरलेल्या रस्त्यात गाडी मागनं जरा जड लागते.

तुम्ही मात्र रात्रीचे त्या वाटेनं जाऊ नका. काहीही काम असो. आणि जावंच लागलं, तर आमचं ऐकू नका. ओ द्या.