दोन दारं, चार दारं आणि व्हर्लिन हाउटमन

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मंडळाच्या नव्या प्रमुख रोंडा मेबेरी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते मावळते प्रमुख व्हर्लिन हाउटमन, त्यांच्या शेजारी बसून मला आत्तापासूनच 'थोडक्यात आटप' अशी खूण करणाऱ्या त्यांच्या पत्नी आर्लीन, हे सभागृह दर वर्षी आपल्याला विश्वासानं देणारे ओवोसो गावचे माजी सैनिक, आणि मध्य मिशिगन रॅम्पार्ट मंडळाच्या माझ्या बंधुभगिनींनो,

जेवण झालंय, गोड यायचंय, आणि मधल्या वेळात मी, रॉइस टॅकेट, बोलणार आहे. तुमची अवस्था मला कळते.

निरोपाच्या भाषणात माणसाला 'अहो-जाहो' करायचं असतं. मी दोन वाक्यांपुरता प्रयत्न केला असता, पण व्हर्लिनला मी इंजिनाखाली उताणा पडून शिव्या घालताना पाहिलेलं आहे. त्यामुळे क्षमा असावी, पुढचं सगळं 'अरे-तुरे'तच येईल.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. तुमच्यातले निम्मे जण तिथे होते, पण नव्या सभासदांना ती ठाऊक असायला हवी.

कंपनीनं बंद केलेली आपली दोन दारांची रॅम्पार्ट गाडी पुन्हा काढायचं जाहीर केलं तो दिवस आठवतो? आपण किती वर्षं वाट पाहिली होती? आपल्या डेलनं तर त्याच दिवशी गॅरेज झाडून जागा करून ठेवली. मग फोटो आला. चार दारं. पाठोपाठ बातमी आली की आठ सिलिंडरचं इंजिन गेलं, सहाचं आलं. गिअरचा दांडा गायब. आणि इंजिनाचा आवाज म्हणे आत स्पीकरमधून ऐकू येणार.

व्हर्लिननं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "रॅम्पार्ट येणार म्हणाले होते. ही तर तिची मावशी आली."

डेल म्हणाला, "मागे लहान मुलांची सीट बसते, असं लिहिलंय."

"मग बायबल वर्गाला न्यायला छान आहे," व्हर्लिन म्हणाला.

आपण पोट धरून हसलो. पण मंडळी, खरं सांगा. घरी जाऊन त्याच मावशीचे व्हिडिओ तुमच्यापैकी कोणी कोणी पाहिले? हात वर करा. हं. मागे बसलेले पाद्रीसाहेबसुद्धा. तिचे वेगाचे आकडे वाचले की छातीत धडधडायचं, आणि दारं मोजली की तोंड कडू व्हायचं. आपली सगळ्यांची तीच गत होती.

अशा वेळी रोंडा आली. फ्लिंटच्या रुग्णालयात एक्स-रे काढणारी बाई, नवीकोरी नारिंगी रॅम्पार्ट घेऊन आपल्या उन्हाळी मेळाव्यात शिरली आणि तिनं सभासदत्व मागितलं. व्हर्लिननं तिला नियम वाचून दाखवला: दोन दारांची रॅम्पार्ट असेल तरच प्रवेश.

ती म्हणाली, "मिस्टर हाउटमन, माझे वडील कारखान्यात रॅम्पार्टची दारं बसवायचे. गाड्यांच्या रांगेपुढे उभं राहून उभी नोकरी केली त्यांनी. तुमच्या गाडीचं दारही कदाचित त्यांच्याच हातचं असेल."

"मग त्यांना विचार, दारं किती होती," व्हर्लिन म्हणाला.

"ते गेले. पण असते तर म्हणाले असते, चार केली का, म्हणजे काम दुप्पट आणि पगार तेवढाच."

व्हर्लिनला हसू आलं होतं. मी शेजारीच होतो, मी पाहिलं. पण नाही म्हणजे नाही.

यावरून आपल्यात किती जुंपली, हे मी उगाळत नाही. निम्मे म्हणत होते, चार दारांना घेतलंत तर आम्ही वेगळं मंडळ काढू. उरलेले म्हणत होते, नाही घेतलंत तर काही वर्षांनी इथे फक्त म्हातारे आणि तेलाचे डाग उरतील. शेवटी व्हर्लिनच म्हणाला, "तिला माझ्याशी शर्यतीला धावपट्टीवर आणा. गाडी काय आहे ते तिथे कळेल. मतदान त्यानंतर."

आता एक गोष्ट मला आर्लीनची परवानगी काढून सांगायची आहे. काढली आहे. व्हर्लिनच्या जुन्या रॅम्पार्टमध्ये उजवीकडची, चालकाशेजारची जागा आर्लीनची. लग्नाआधीपासूनची. पण ती सीट जमिनीला टेकलेली, आणि आर्लीनच्या कमरेनं तिथे बसायचं नाकारलं. एकदा बसली तर तिला बाहेर काढायला व्हर्लिन, मी आणि डेल असे तिघे लागलो. त्या दिवशी ती हसली, पण पुन्हा आली नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे व्हर्लिन एकटाच यायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिला ऊन सोसत नाही."

शर्यतीच्या दिवशी मात्र ती आली, टेनेसीहून आलेल्या लेकीच्या गाडीतून. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन्ही रॅम्पार्ट शेजारी उभ्या. व्हर्लिनचं आठ सिलिंडरचं इंजिन गुरगुरत होतं, पायाखालचं डांबर थरथरत होतं. नारिंगी गाडी नुसती उभी. आर्लीन काठी टेकत तिच्यापाशी गेली, दार उघडलं आणि आत बसली. एकटी. कुणाचा हात न धरता.

रोंडा चक्रावली. "बाई, आपण शर्यत लावतोय."

"कळलंय मला," आर्लीन म्हणाली. "हेल्मेट दे."

व्हर्लिननं खिडकीतून मान बाहेर काढली. "आर्लीन, तू चुकीच्या गाडीत बसलीस."

"व्हर्लिन, मी ज्या गाडीत बसू शकते त्या गाडीत बसले."

त्यानं काच वर केली.

हिरवा दिवा लागला. मित्रहो, व्हर्लिनच्या मागच्या चाकांतून असा धूर निघाला की पलीकडचं कुंपण दिसेना. जुनी गाडी आधी मागून घसरली, मग शेपूट हलवत झेपावली, आणि तो आवाज... तो कोणत्या स्पीकरमधून येणार आहे? पण नारिंगी गाडी घसरली नाही, डुलली नाही, ती सरळ निघूनच गेली. अर्धी पट्टी संपेपर्यंत निकाल लागला होता. आम्ही सगळे वेड्यासारखे ओरडत होतो. कोणाच्या बाजूनं, ते मला आजही सांगता येणार नाही.

व्हर्लिन टोकाला पोचला तेव्हा आर्लीन बाहेर उभी राहून केस सारखे करत होती. लाल झालेली, धापा टाकत. म्हणाली, "तू हरलास. पण आवाज तुझाच चांगला होता."

रोंडा म्हणाली, "खरं आहे. म्हणून तर माझ्या गाडीतलं ते आवाजाचं बटण मी बंद ठेवते. खोटं गाणं कशाला ऐकायचं?"

संध्याकाळी याच सभागृहात मतदान झालं. समसमान मतं. निर्णय प्रमुखाच्या मतावर. व्हर्लिन उठला, टोपी काढली. तो काय म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगतो.

"ती गाडी मला आवडत नाही. उद्याही आवडणार नाही. तिला रॅम्पार्ट म्हणताना माझी जीभ अडखळते. पण आज माझी बायको पुन्हा मैदानावर आली आणि ओरडून ओरडून तिचा घसा बसला. जी गाडी तिला आणते, ती या मंडळात येईल. ज्याला जायचंय त्यानं जावं."

कोणीही गेलं नाही. डेलसुद्धा.

आता हाउटमन दांपत्य लेकीजवळ राहायला टेनेसीला निघालंय. उद्या सकाळी ओवोसोहून दोन गाड्या निघतील. पहिली व्हर्लिनची नवी, निळी, चार दारांची, जिच्याबद्दल तो अजून रोज कुरकुरतो. ती तो स्वतः चालवेल, आणि उजवीकडे आर्लीन असेल. मागून येईल ती त्याची जुनी रॅम्पार्ट. ती मला त्यानं कधी धुवायलाही दिली नाही. परवा त्यानं तिची किल्ली रोंडाच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तिसरा गिअर जरा हट्टी आहे. हळू घाल. आणि माझ्या मागेच राहा, मला तिचा आवाज ऐकू आला पाहिजे."

व्हर्लिन, आर्लीन, तुम्ही या मंडळाला जे दिलंत त्याबद्दल सगळ्यांच्या वतीनं मनापासून आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही गोड लांबवून ऐकून घेतलंत, तुमचाही ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाच्या गाडीला काही लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि उद्या सकाळी सगळे रस्त्याकडेला या. दोन्ही रॅम्पार्टना हात हलवा.