कपाटाची पाठ

शहापुरात प्लायवूडच्या दुकानात धाऊ बिजागऱ्या घ्यायला उभा होता. त्याच्या पुढं एक म्हातारी आणि तिचा मुलगा.

“आई, पुस्तकांच्या कपाटाला मागून वाळवी लागलीय. मागचं सगळं प्लाय नवीनच टाकू.”

“सगळं नको रे, सतीश. तुझे बाबा कुणाला पुस्तक दिलं, की त्या मोकळ्या जागी मागच्या प्लायवर त्याचं नाव लिवायचे. पुस्तक परत आलं, की नाव त्याच्यामागं झाकायचं.”

“मग ज्याचं नाव दिसतं, त्याच्याकडं पुस्तक हाय.”

“तसंच. पण वाळवी झटकायला मी सगळी पुस्तकं खाली काढली. आता सगळीच नावं दिसतात.”

“म्हंजे परत कुणी दिलं नि कुणी नाय?”

“तेच तर कळत नाय.”

“सगळ्यांनाच विचारू.”

“ज्यांनी दिलं, त्यांना काय वाटंल?”

“वरच्या कप्प्यात कोण शेणव्याचा धाऊ हाय. त्यानं दिलं असंल?”

“दिलंच असंल. बाबा म्हणायचे, तो शब्दाचा पक्का हाय.”

“धाऊ, तुझ्या बिजागऱ्या घे,” दुकानदारानं हाक मारली.

मायलेक वळून बघायला लागले. धाऊनंही मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.