शिंगाळ्याचा फोटो

माणसाचा खरा कस निसर्गासमोरच लागतो. असा कस लागलेले एक गृहस्थ काल धायरीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसले होते. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, पलीकडे बायको.

"अहो, फार ठणकतंय का?"

"शिंगाळा मासा होता, पूर्णिमा. मिशा एवढ्या! त्याच्या काट्याला विष असतं."

"माहीत होतं, तर हातात कशाला घेतलात?"

"फोटोसाठी. हातात धरलेला दिसल्याशिवाय ग्रुपवर रेकॉर्ड लागत नाही."

"कसलं रेकॉर्ड?"

"हलक्या रॉडचं. करंगळीएवढी दांडी, केसासारखी दोरी आणि टोकाला चिंचोक्याएवढ्या शिशात बसवलेला गळ. त्याला जिग म्हणतात. त्यावर एवढा मासा आमच्यात अजून कुणी काढलेला नाही."

"पोळ्या करताना चटका बसला की मीही टाकत जाईन फोटो."

"कर चेष्टा. अर्धा तास झुंजला माझ्याशी. सरळ म्हणून येईना."

"मग आता कुठंय तो?"

"सोडला. आम्ही खिलाडू लोक."

"म्हणजे विष तेवढं घरी आणलंत. थांबा, तुमचा फोन वाजला."

"ॲडमिन असणार! वाच, वाच लवकर."

"'शंभूराव, मासा जबरदस्त.'"

"बघ! आता बोल!"

"'पण फोटोत जिग शेपटीत अडकलेली दिसतेय. तोंडात लागली असेल तरच रेकॉर्ड धरतो. क्षमस्व.'"

"दे तो फोन इकडे."

"अहो, म्हणजे त्यानं जिग खाल्लीच नव्हती. तो नुसता तिथून चालला होता."