बांगड्याने उचललेला फोन

मृणाली : मावशी, मी पुन्हा एकदा सगळं तपासलं. फोनमध्ये काहीच बिघाड नाही.

गुणवंती : मंग बिघाड माझ्यात हाय काय?

मृणाली : तसं कुठे म्हटलं मी?

गुणवंती : फोन बरा, तुजी कंपनी बरी. उरलं कोन? मीच. लिही त्या कम्प्युटरात. बिघाड : गुणवंती, राहनार मिरकरवाडा, धंदा मासे विकने.

मृणाली : चिडू नका. नेमकं काय होतं ते सांगा. सुरुवातीपासून.

गुणवंती : सुरुवातीपासूनच सांगते. माझा हात दिवसभर पान्यात. बर्फ, मासळी, खवले, परत पानी. हात ओला असला की ह्या फोनाला मी दिसत नाय. तो वाजत राहतो, मी बोट घासत राहते, तो हलत नाय. घास घास घासते, मंग एकदम कायतरी भलताच उघडतो. परवा कॅमेरा उघडला. माझा चेहरा समोर, आन मागं फोन वाजतोय.

मृणाली : हात पुसून घ्यायचा ना.

गुणवंती : पुसायला फडका लागतो, फडका शोधायला वेळ लागतो. तेवढ्यात रिंग हौसाकडं जाते.

मृणाली : हौसा कोण?

गुणवंती : माझ्या बाजूची. तीपन मासेच घेते. आयक, तुला कळायचं नाय असा. आमच्याकडं बोट किनाऱ्याजवळ आली आन मोबाइलची रेंज लागली की तांडेल पयला फोन करतो. तांडेल म्हंजे बोट चालवनारा. ज्या बाईला पयला फोन, तिचा माल पयला. दोन रिंगांत उचलला नाय तर फोन दुसरीला. बाबल्या तांडेलाचा पयला फोन मला यायचा. माझं लग्न झालं तेव्हापासून त्याचा माल मी घेते. तेव्हा तर तो हाक मारायचा, मंग फोन आले.

मृणाली : आणि आता?

गुणवंती : दोन दिवस झाले, हौसाला जातो.

मृणाली : फोन उचलला गेला नाही म्हणून?

गुणवंती : नाय गो. उचलला गेला म्हणून.

मृणाली : मला नाही समजलं.

गुणवंती : मी पलीकडं बसनाऱ्या सोनूबाईशी बोलत व्हते. बोलता बोलता म्हटला, ह्या बाबल्याचा बर्फ आताशा कमी पडतो, बारा वाजेपर्यंत बांगडा मऊ होतो, गिऱ्हाईक बोट लावून बघतो आन मलाच बोलतो. म्हटला, म्हातारपणी चिक्कू झालाय. आन फोनातून आवाज आला, "अजून काय काय झालोय मी?"

मृणाली : अरे देवा.

गुणवंती : बाबल्याच. सगळा आयकला त्यान.

मृणाली : पण फोन उचलला कोणी?

गुणवंती : बांगड्यान.

मृणाली : मावशी.

गुणवंती : खोटा सांगत नाय मी. फोन फळीवर आडवा ठेवलेला, गलक्यात वाजलेला आयकू आला नाय. मी टपातून बांगडे काढून फळीवर टाकत व्हते. एक सरकला, शेपूट फोनावरून गेली, आन फोन उचलला गेला. माझं बोट चालत नाय त्याला. बांगड्याची शेपूट चालते.

मृणाली : हो. तसं होऊ शकतं.

गुणवंती : होऊ शकतं? तू हसशील असं वाटलं व्हता मला.

मृणाली : हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. काचेवर सगळीकडे अगदी थोडी वीज पसरलेली असते. बोट लागलं की तिथली थोडी वीज बोट ओढून घेतं, म्हणून फोनला कळतं की इथे कोणीतरी हात लावला. खारं पाणीही तेच करतं. काच ओली झाली की सगळीकडूनच ओढ, मग तुमचं बोट कुठे आहे ते त्याला कळत नाही. आणि मासा म्हणजे आतून मीठ-पाणीच. तुमच्या बोटासारखाच.

गुणवंती : म्हंजे एवढी मोठी कंपनी, आन तिला मी आन बांगडा एकच.

मृणाली : काच कोरडी असेल तर, हो.

गुणवंती : आन हा आधीचा, ह्याच कंपनीचा. बघ. ह्याला खाली बटण व्हता. ओल्या हातान दाबला की फोन उचलला. आठ वर्सं वापरला. आता मागून फुगलाय. हाच नीट करून दे, नवा तुजा तुला परत.

मृणाली : बॅटरी फुगली आहे. खिशात ठेवू नका हा, खरंच. आणि त्याचे भाग येणं बंद झालं.

गुणवंती : बंद कोनी केला?

मृणाली : कंपनीने.

गुणवंती : मंग बटणवाला दुसरा दे.

मृणाली : बटणवाला बनवतच नाहीत. पुढचं मॉडेल आलंय, बघायचं तर दाखवते.

गुणवंती : त्यात काय नवीन?

मृणाली : कॅमेरा.

गुणवंती : मागल्या वर्षी काय नवीन व्हता?

मृणाली : कॅमेरा.

गुणवंती : त्याच्या आधी?

मृणाली : कॅमेरा. आणि डब्यातून चार्जर काढला.

गुणवंती : काढला ता नवीन म्हणून सांगितलान?

मृणाली : पर्यावरणासाठी, असं सांगितलं. यंदा जांभळा रंगही आहे.

गुणवंती : जांभळा ओल्या हाताला चालतो?

मृणाली : नाही.

गुणवंती : बोलून उचलता येतो म्हणे. माझा झील, पोरगा म्हंजे, मुंबयला, तो सांगत व्हता.

मृणाली : येतो ना. ही सोय सुरू केली की फोनला "उचल" म्हणायचं.

गुणवंती : धक्क्यावर काय चालतो ठाऊक हाय तुला? टप उचल, पाटी उचल, अरे उचल ना मेल्या. पन्नास मानसं एकदम उचल म्हंतात. हा कोनाकोनाचा आयकनार?

मृणाली : सगळ्यांचाच. बरोबर आहे तुमचं. नको ती सोय.

गुणवंती : तू कंपनीची ना गो? माझं बरोबर म्हंतेस.

मृणाली : मावशी, मी बीएस्सीला असताना ह्या कंपनीचा फोन उघडून बसायचे. आत काय काय आहे ते बघायला. इतकं सुरेख काम असायचं. दर वर्षी काहीतरी असं निघायचं की आपण म्हणावं, हे कोणाच्या डोक्यात आलं असेल. म्हणून ही नोकरी धरली. आता दर वर्षी प्रशिक्षणाचा व्हिडिओ येतो, तो मी मागल्या वर्षीच पाहिलेला असतो. फक्त बोलणाऱ्याचा शर्ट वेगळा.

गुणवंती : मंग वर कळव ना त्यांना. हात ओले असतात मानसांचे. मी एकटी हाय काय? भांडी घासनारी हाय, धोबी हाय, शेतात लावनी करनारी हाय.

मृणाली : कळवलं. चार वर्षं कळवतेय. "आपला अभिप्राय मोलाचा आहे" असं उत्तर येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी आईला दाखवलं होतं.

गुणवंती : आन साधा बटणांचा फोन घेतला दुसऱ्या कंपनीचा, तर?

मृणाली : बोलायला उत्तम. फोटो नाही दिसायचे.

गुणवंती : फोटो तर लागतोच. बाबल्या मालाचा फोटो टाकतो, ता मी हॉटेलवाल्यांना पाठवते. मंग दोन फोन ठेवू? एक बघायला, एक बोलायला? आधी एकात मावत व्हता सगळा.

मृणाली : हो. मावत होतं.

गुणवंती : जाऊ दे. मला एक कागद दे. कंपनीचा शिक्का मारून. की हा फोन बांगड्यान उचलला, गुणवंतीन मुद्दाम आयकवला नाय.

मृणाली : असा कागद मला देता येत नाही.

गुणवंती : का? आत्ता तूच म्हणालीस, होतो म्हणून.

मृणाली : तक्रारीचं कारण कम्प्युटरातल्या यादीतूनच निवडावं लागतं. काच फुटली, बॅटरी, पाण्यात पडला. मासा नाही त्यात.

गुणवंती : बाबल्याला वाटतो मी बायकांत बसून त्याची टिंगल करत व्हते आन त्याला आयकवायला फोन चालू ठेवला. मी फोन करते तर उचलत नाय. धक्क्यावर गेले तर तोंड फिरवतो. असाच चालला तर हौसाच पयली होऊन बसंल. मंग मी काय, उरलासुरला माल घ्यायचा? ह्या वयात?

मृणाली : त्यांचा नंबर द्या. माझ्या फोनवरून लावते. व्हिडिओ लावते, म्हणजे दिसेल तरी. तुमच्या पिशवीत मासे आहेत ना?

गुणवंती : तुला वास येतो काय?

मृणाली : सगळ्या दुकानाला येतोय. एक बांगडा काढा. हा कागद घ्या खाली. साहेब जेवायला गेलेत, तेवढ्यात.

(फोन लागतो. पलीकडे एक म्हातारा, मागे धक्का आणि बोटी.)

बाबल्या : कोन?

मृणाली : नमस्कार काका. मी मृणाली, मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरमधून बोलतेय. मारुती मंदिराजवळचं.

बाबल्या : मला काय घ्यायचा नाय.

मृणाली : विकत नाहीये काही. गुणवंती मावशी इथे आहेत.

बाबल्या : मंग तर ठेवतोच.

गुणवंती : भावजी, ठेवू नका. आयका तरी.

बाबल्या : आयकलाय मी. पोटभर आयकलाय.

मृणाली : काका, एकच मिनिट. तुम्ही बोलू नका, फक्त बघा. हा मावशींचा फोन टेबलावर. मी दुकानाच्या फोनवरून त्यांना रिंग देते. वाजला. मावशी, बोट ओलं करा आणि उचला.

गुणवंती : हे बघा भावजी. घासते. परत घासते. काय तरी उचलतोय?

मृणाली : काच पुसते. आता बांगडा.

बाबल्या : आं?

मृणाली : उचलला गेला, काका. बघितलंत?

बाबल्या : परत कर.

मृणाली : हा घ्या. बोट. नाही. काच पुसली. शेपूट. उचलला.

बाबल्या : शेपटीनच उचलतो, का डोक्यानपन?

मृणाली : डोक्यानेही उचलेल.

बाबल्या : करून दाखव.

मृणाली : हे डोकं. उचलला.

बाबल्या : आयला. रूपेश, इकडं ये रे, हे बघ काय. बांगडा फोन घेतोय. आन हा फोन केवढ्याला देता तुमी मानसांना?

मृणाली : ते नका विचारू.

गुणवंती : बघितलात ना भावजी? मी मुद्दाम नाय केला.

बाबल्या : बघितला. फोन बांगड्यान उचलला, ता पटला मला.

गुणवंती : मंग झाला तर.

बाबल्या : पन बोलला कोन वयनी? बांगडा?

मृणाली : काका, ते जरा...

गुणवंती : तू थांब गो. मी बोलले, भावजी.

बाबल्या : बर्फ चोरतो म्हणालीस.

गुणवंती : कमी घालता म्हणाले. चोरता म्हणाले नाय. तेवढं माझ्या नावावर घालू नका.

बाबल्या : चिक्कू म्हणालीस.

गुणवंती : ता म्हणाले.

बाबल्या : म्हातारा म्हणालीस.

गुणवंती : ता तर हायच की तुमी. मीपन हाय.

बाबल्या : आन माझ्या तोंडावर बोलायला काय झालेला? एवढी वर्सं माल घेतेस.

गुणवंती : तोंडावर बोलले असते तर तुमी रागावला असता. रागावला असता तर फोन हौसाला गेला असता.

बाबल्या : तो तसापन गेलाच.

गुणवंती : गेला. म्हणून आता तोंडावर सांगते. बर्फ कमी पडतो. दोन महिने झाले. सकाळी बांगडा कडक असतो, बारा वाजता कल्ल्याचा रंग उतरतो. गिऱ्हाईक तुमचं तोंड बघत नाय भावजी, माझं बघतो.

(पडद्यावरून बाबल्याचा चेहरा जातो, नुसती बोटीची कड दिसते.)

मृणाली : काका? आहात ना?

बाबल्या : हाय. कोन गेला नाय कुठं.

गुणवंती : खोटा हाय काय मी बोलले ता?

बाबल्या : खोटा नाय. पूर्वी मी स्वतः बोटीच्या पोटातल्या मासळीच्या खणात उतरून बर्फ भरायचो. आता गुडघा वाकत नाय. वरनं पोरांना सांगतो, भर. ती वरवर टाकतात आन मोबाइल बघत बसतात. खाली काय हाय ता मला दिसत नाय.

गुणवंती : मंग ता सांगायचं ना.

बाबल्या : कोनाला सांगू? गुडघ्याचा सांगितला की झील बोलतो, बाबा, बोट विका.

गुणवंती : मला सांगायचं.

बाबल्या : तू सोनूबाईला सांगितलं असतं.

गुणवंती : सांगितलं असतं. खोटा कशाला बोलू?

मृणाली : काका, तर मग उद्यापासून मावशींना पहिला फोन करणार ना तुम्ही?

बाबल्या : नाय.

गुणवंती : भावजी...

बाबल्या : त्या फोनावर माझा भरवसा नाय. उद्या कुठलं पापलेट उचलंल, आन मी त्याच्याशी भाव करत बसंन. फोनाचं सोड. तू लवकर धक्क्यावर ये. माल उतरवायच्या आधी खणात उतर, तळापर्यंत हात घालून बर्फ बघ. कमी वाटला तर तिथंच बोल, त्या पोरांच्या देखत. ती माझा आयकत नायत, तुजा आयकतील.

गुणवंती : उतरते. पन हौसापन आलेली असंल तिथं.

बाबल्या : येऊ दे. तू वर येईपर्यंत उभी राहील ती.