चावडीफुडचा सडा

माझं म्हायेर सोनईकडचं. लगीन होऊन इकडं आले त्याच पावसाळ्यात देश सोतंत्र झाला म्हून चावडीवर झेंडा लागला. मी हळदीची नवरी, कशाचा झेंडा तेबी ठावं न्हाई, सासू म्हनली चल गं सडा घालाया, अन् समद्या बायांनी चावडीफुडं घागरी रित्या केल्या, पार चिखल झाला, काय सांगू तुमाला, मी घसरून पडले तर सासूच लागली हसाया.

तवा नदीला पानी हुतं. गेल्या साली दुस्काळात नदीच्या वाळूत झिरा उकरायचा अन् वाटीवाटीनं हंडा भरायचा, निम्मा दिस त्यातच जायचा. सूनबाई बाळंत झाल्याली, बाराव्या दिशी तिचं न्हानं अन् नातवाचं बारसं, तर नेमका तोच पंधरा ऑगस्ट आला. कसाबसा एक हंडा जमला हुता, त्याच्यापाशीच बसून हुते मी.

तर सकाळीच आले भावजी, माझे धाकले दीर, गावचे सरपंच. वहिनी, सायेब यायचेत, चावडीफुडं नुसता फुफाटा हाय, पयल्या झेंड्याला तुमी सडा घातल्याला, आज पंचवीस वरसं झाली, आजबी तुमीच घाला. म्हनलं, भावजी, पंचवीस झाली म्हून येवढं काय ओ? तर म्हनले, देश टिकला न्हवं, त्याचा आनंद. म्हनलं, आवो, मग बारसं तरी कशापायी करत्यात, पोर जगलं म्हूनच ना? बाळंतीन बिनन्हान्याची ठिवून मातीला पानी घालू व्हय? भावजी म्हनले, वहिनी, गावात माझी अब्रू हाय. माझ्या हातचं जेवून मोठा झाल्याला मानूस, लई वंगाळ वाटलं, रडूच आलं, पन हंड्यावरचा हात काय मी काढला न्हाई.

मंग काय, झेंडा वर गेला, वारं सुटलं, समदा फुफाटा सायबाच्या तोंडावर. हिकडं पाळना हालला, पन भावजी आले न्हाईत. अजून येत न्हाईत. वाटंत दिसले तर मान फिरवत्यात. जाऊबाई तेवढी चोरून येती, पोराचा मुका घेती अन् जाती.

झेंड्याशी माझं काय वाकडं हाय का? चुटपूट लागून ऱ्हाती बगा. आता आमी समदी दुस्काळी कामावर खडी फोडाया जातो, पोरगं थितंच झाडाखाली रांगतंय. देशाला पन्नास हुतील तवा त्यो पंचवीसचा हुईल. तवर नदीला पानी येऊ दे रं देवा. मी असले तर सोता घागर घिऊन जाईन, अन् म्हनीन, सरा भावजी, हुऊ द्या चिखल.